ड्रोनवरचा दिवा किती लुमेनचा असावा, त्याआधी तो कुठे असावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. निघोजच्या रांजणखळग्यांचे, म्हणजे नदीपात्राच्या कातळात कोरल्या गेलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांचे, रात्रीचे छायाचित्र घेण्यासाठी आपण कॅमेरा जमिनीवर ट्रायपॉडवर ठेवून लहान ड्रोनला १५०० लुमेनचा एलईडी दिवा बांधून दोनदा प्रयत्न केलात. दोन्ही वेळा कातळ सपाट आणि पांढरट आला, आकाश मात्र काळे राहिले. म्हणून आता याहून दुप्पट शक्तीचा दिवा घ्यावा का, असे आपण विचारता. माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये. आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे दिवा कमी पडल्याची नाहीत. कातळ सपाट येतो तो दिवा डोक्यावर किंवा कॅमेऱ्याच्या पाठीशी असल्यामुळे, आणि आकाश काळे राहते ते त्या दिव्याला सोसेल इतके एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपायचा प्रकाश, कमी करावे लागल्यामुळे. दिवा अधिक प्रखर घेतला, तर आकाश आणखी काळे पडेल.

आधी आकडे पाहू, कारण रात्रीच्या प्रकाशाबाबत डोळ्यांचा अंदाज फार फसवा असतो. दिव्यातून एकूण किती प्रकाश निघतो ते लुमेन सांगतात, आणि पृष्ठभागावर किती दाट पडतो ते लक्स. १५०० लुमेनच्या दिव्याचा झोत सुमारे ६० अंशांत पसरत असेल, तर २० मीटरवरच्या कातळावर साधारण चार ते साडेचार लक्स प्रकाश पडतो. ४० मीटरवर तो एक लक्सच्या किंचित वर उरतो, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा होतो. माथ्यावर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास असतो. म्हणजे २० मीटरवरचा आपला हा लहानसा दिवा पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे अठरा पट, अर्थात चार स्टॉपने अधिक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). इतक्या प्रकाशात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ ५.६ आणि शटर १५ ते १८ सेकंद ठेवले, की मध्यम करड्या रंगाची वस्तू योग्य उजळते. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याहून काळा आहे, ओला असेल तर फारच काळा, म्हणून मी तेथे एक स्टॉप वाढवतो: आयएसओ २००, एफ ५.६, १५ सेकंद.

आता याच्याशेजारी आकाशाचे एक्स्पोजर ठेवून पाहा. अमावास्येच्या आसपास २० मिलिमीटरच्या भिंगाने तारे टिपताना आपण आयएसओ ३२००, एफ २.८, १५ सेकंद असे काहीसे वापरतो. शटर तेच, पण आयएसओचे चार आणि अ‍ॅपर्चरचे दोन मिळून सहा स्टॉपचा, म्हणजे चौसष्ट पटींचा फरक पडला. एकाच फ्रेममध्ये दोन्ही बसवायचे असेल, तर २० मीटरवरचा दिवा चौसष्टाव्या भागापर्यंत मंद करावा लागेल, किंवा १५ सेकंदांपैकी केवळ पाव सेकंद लावावा लागेल, किंवा दिवा तसाच ठेवून ड्रोन आठ पट दूर, १६० मीटरवर न्यावा लागेल. बाजारातले बहुतेक लहान दिवे इतके मंद होत नाहीत. म्हणून आकाशाची फ्रेम वेगळी आणि दिव्याची फ्रेम वेगळी घ्यावी. ट्रायपॉड हलू देऊ नये, आणि नंतर संगणकावर दोन्ही एकत्र करावीत. याचा एक लाभ सहसा लक्षात येत नाही. कातळाची फ्रेम आयएसओ २०० ला मिळाल्यामुळे तिच्यात कणकणपणा जवळजवळ नसतो आणि एफ ५.६ मुळे पायाजवळच्या खळग्यापासून पलीकडच्या काठापर्यंत सर्व स्पष्ट राहते.

ही पद्धत नवी नाही, तरी ड्रोनमुळे तिला जो आवाका आला तो अलीकडचा आहे. शिकागोत राहणारे ब्रिटिश छायाचित्रकार रूबेन वू यांनी ‘लक्स नॉक्टिस’ या मालिकेत ओसाड डोंगर आणि सुळके ड्रोनवरच्या दिव्याने उजळले. नॅशनल जिओग्राफिकच्या ऑगस्ट २०२२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावरचे स्टोनहेंजही त्यांनी याच पद्धतीने टिपले. त्या चित्रांपुढे थोडा वेळ बसून केवळ सावल्या पाहाव्यात. प्रकाश जवळजवळ नेहमी बाजूने किंवा किंचित मागून येतो, उजळलेल्या भागाइतकाच मोठा भाग अंधारात सोडलेला असतो, आणि दिवा स्वतः चौकटीबाहेर असतो.

आता निघोजकडे येतो. कुकडीच्या पात्रात वाहत्या पाण्याबरोबर दगडगोटे गरगर फिरून हे खळगे कोरले गेले. त्यांच्या कडा गुळगुळीत, भिंती उभ्या, आणि तळाशी बऱ्याचदा पाणी असते. अशा रचनेत दिवा बरोबर वर धरला, तर प्रत्येक खळग्याचा तळ उजळतो, कडेची सावली नाहीशी होते आणि सारे पात्र चाळणीसारखे एकसुरी दिसते. आपल्या दोन्ही प्रयत्नांत हेच झाले असावे. त्याऐवजी दिवा कॅमेऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, कातळापासून फक्त १५ ते २० अंश उंचीवर ठेवावा. तेव्हा प्रकाश कडांवरून घासत जातो, जवळची भिंत काळी राहते, समोरची उजळते आणि डोळ्याला खोली कळते. २० मीटर तिरक्या अंतरावर २० अंशांचा कोन हवा, तर ड्रोनची उंची साधारण सात मीटर आणि आडवे अंतर एकोणीस मीटर येते. ४५ अंशांचा कोन हवा, तर दोन्ही चौदा-चौदा मीटर येतात. पहिल्या वेळी सात मीटर ही उंची विलक्षण कमी वाटते. ड्रोन हाती असला की तो उंच न्यावासा वाटतो, पण खळग्यांसारख्या आडव्या विषयाला उंची मारक ठरते. कड्यासारख्या उभ्या विषयाला याच्या उलट करावे लागते. तेथे दिवा माथ्याच्या वर नेऊन प्रकाश खाली घसरू द्यावा, म्हणजे कातळाच्या आडव्या थरांच्या पायऱ्या एकेक करून सुट्या होतात.

अंतराचा विचार कोनाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. सूर्य आणि चंद्र इतके दूर आहेत की दरीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकाला त्यांचा प्रकाश सारखाच पडतो. ड्रोनच्या दिव्याचे तसे नसते. आपल्या दृश्याचा पट्टा २० मीटर रुंद आहे असे धरा. दिवा त्या पट्ट्याच्या मध्यापासून १५ मीटरवर असेल, तर जवळची कडा ५ मीटरवर आणि लांबची २५ मीटरवर येते, आणि दोन्हींच्या प्रकाशात पंचवीस पटींचा फरक पडतो. दिवा ६० मीटरवर नेला, तर हीच अंतरे ५० आणि ७० मीटर होतात आणि फरक दुपटीवर येतो. जवळचा दिवा कंदिलासारखा वागतो, दूरचा चांदण्यासारखा. दोन्हींना स्थान आहे, मात्र आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. निसर्गचित्राला मला बहुतेक वेळा चांदणेच हवे असते, म्हणून जागा असेल तर मी ६० मीटरच्या आसपास थांबतो. तेथे प्रकाश सुमारे अर्धा लक्स उरतो, म्हणजे आयएसओ ८०० आणि एफ ४ वर १५ सेकंदांत काम होते. याहून प्रखर दिव्याची गरज मला मोठ्या कड्यांच्या दोन-तीन कामांखेरीज कधी भासली नाही.

यानंतरची गोष्ट मला ड्रोनच्या दिव्यातली सर्वांत मोलाची वाटते. एलईडी दिवा चार-पाच सेंटिमीटरचा असतो. २० मीटरवरून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते आणि तीच चित्राला कृत्रिम करते. स्टुडिओत आपण मोठी छत्री किंवा पडदा लावून प्रकाशाचा उगम मोठा करतो. येथे तेच काम उड्डाणाच्या मार्गाने करता येते. शटर उघडे असताना ड्रोन १५ सेकंदांत पाच मीटर सरकवला, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक फूट, तर कातळाच्या दृष्टीने तो पाच मीटर लांबीचा दिवा होतो आणि सावलीची धार हळुवार होते. ड्रोन ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने सावली मऊ होते, हे मात्र लक्षात ठेवावे. आडवा सरकवला तर उभ्या कडांच्या सावल्या मऊ होतात आणि आडव्या कडांच्या तशाच कडक राहतात. वर-खाली नेला तर उलट. मी हल्ली बहुधा तिरका, चढता मार्ग घेतो. वेग एकसारखा ठेवणे अंगठ्याला कठीण जाते, म्हणून ड्रोनमध्ये ठरावीक मार्ग आखण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर सर्वांत संथ मोड निवडून दिवसा दहा-वीस वेळा सराव करावा. ड्रोन वाटेत एका जागी दोन सेकंद जास्त रेंगाळला, तरी ती जागा सावलीत दुहेरी रेघ होऊन दिसते.

दिव्याच्या फ्रेमा चार-पाच ठिकाणांहून घ्याव्यात, मात्र सर्व एकत्र वापरू नयेत. लेयर एकमेकांवर ठेवून ‘लायटन’ पद्धतीने मिसळले की प्रत्येक फ्रेममधला उजळ भाग वर येतो. हे इतके सोपे आहे की मोह आवरत नाही आणि शेवटी सर्व बाजूंनी उजळलेले, सावलीविना चित्र तयार होते. प्रेक्षक कारण सांगू शकत नाही, पण दोन विरुद्ध दिशांच्या सावल्या एका दगडाला दिसल्या की त्याला खोटेपणा जाणवतो. एक मुख्य दिशा निवडावी, तिची फ्रेम पूर्ण वापरावी, आणि दुसरी फ्रेम लागलीच तर मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, पंधरा-वीस टक्के तीव्रतेने, केवळ ज्या भागात काहीच दिसत नाही तेवढ्यापुरती आणावी. निघोजला आणखी एक अडचण येते. खळग्यांतल्या पाण्यात दिव्याचे थेट प्रतिबिंब पडते आणि त्याच्या फिरण्याची पांढरी रेघ उमटते. ती नंतर पुसण्यापेक्षा शटर उघडण्यापूर्वी ड्रोन एक-दोन मीटर हलवून प्रतिबिंब चौकटीबाहेर जाते का ते पाहणे सोपे पडते.

आकाशाच्या फ्रेमसाठी तिथी पाहावी. अमावास्येला कातळाचा पायाभूत प्रकाश शून्यच असतो, मग दिव्याच्या कडेबाहेर सगळे एकदम काळे तुटते. मला शुद्ध चतुर्थी-पंचमी सोयीची वाटते. चंद्र रात्री नऊ-दहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी त्याच्या मंद प्रकाशात किंवा संध्याकाळच्या उरलेल्या निळसर उजेडात भूभागाची एक पायाभूत फ्रेम घेता येते, आणि मावळल्यावर आकाश स्वच्छ मिळते. ऋतूचे म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीत हवा स्थिर आणि आकाश कोरडे असते, पण नदीपात्रात दव फार पडते, म्हणून भिंगाभोवती गरम पट्टी हवीच. आकाशगंगेचा गाभा हवा असेल, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून पहाटे आणि मे महिन्यात मध्यरात्रीच्या आधीपासून तो मिळतो. मात्र मेमध्ये धूसरपणा वाढतो आणि जूनमध्ये पावसाळा सगळे बंद करतो.

रंगाबद्दल थोडेच सांगतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका तो नारिंगी, जास्त तितका निळसर. दिवा साधारण ५६०० केल्विनचा असतो. आकाशासाठी आपण कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता प्रकाश पांढरा धरायचा ते माप, ४००० च्या आसपास ठेवला, तर त्याच मोजमापात दिव्याचा प्रकाश निळा येतो आणि बेसॉल्ट पोलादासारखा दिसतो. दिव्यापुढे अर्ध्या तीव्रतेची नारिंगी जिलेटीन पट्टी लावली की तो ३८०० केल्विनच्या जवळ येतो. सुमारे अर्धा स्टॉप प्रकाश जातो, पण आकाश आणि कातळ एकाच रात्रीचे वाटतात.

आता ड्रोनची बाजू, जिच्यात चुकीची किंमत मोठी असते. दिवा शक्यतो गुरुत्वमध्याच्या जवळ बांधावा. तो खालच्या सेन्सरसमोर येऊ देऊ नये, आणि चुंबकाच्या पकडीचा दिवा होकायंत्राजवळ अजिबात लावू नये. दिव्याभोवती काळ्या फॉइलची लहान नळी करावी, म्हणजे झोत कॅमेऱ्याच्या भिंगात आणि ड्रोनच्या स्वतःच्या सेन्सरमध्ये सांडत नाही. रात्री अडथळे ओळखणारे कॅमेरे आंधळे असतात आणि ड्रोन केवळ उपग्रहांच्या आधारे स्थिर राहतो. अरुंद घळीत तो आधारही क्षीण होतो. सांदण दरीच्या तोंडाशी माझा ड्रोन एकदा संकेत क्षीण झाल्यावर हळूहळू भिंतीकडे वाहत गेला. मी तो हाताने वर काढू शकलो, कारण दुपारी त्याच जागी उडवून भिंतीची उंची आणि मोकळी बाजू लिहून ठेवली होती. तेव्हापासून दिवसा न उडवलेल्या जागी मी रात्री उडवत नाही. ड्रोन आपोआप माघारी येतो ती ‘परत ये’ची उंची आसपासच्या सर्वांत उंच कड्यापेक्षा, झाडापेक्षा आणि तारेपेक्षा अधिक ठेवावी. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरवावे. वाढलेल्या वजनाने उड्डाणाचा वेळ किती घटतो ते घरी मोजून घ्यावे. कोकणकड्यासारख्या ठिकाणी कड्यावरून वर उसळणारा वारा हलक्या ड्रोनला पेलत नाही. तेथे कड्याच्या धारेपासून आत राहूनच काम करावे. आणि एका माणसाने कॅमेरा, ड्रोन आणि दिवा तिन्ही सांभाळू नयेत. निघोजला तर आपल्या पायाशी उभे खड्डे आहेत. पडद्याकडे पाहत एक पाऊल मागे घेणारा माणूस थेट त्यांत जाईल.

आपला ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे असे आपण लिहिले आहे. भारताच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये वर्गवारी वाहून नेलेल्या भारासह होणाऱ्या एकूण वजनावर ठरते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. शंभर ग्रॅमचा दिवा बांधताच आपण वरच्या वर्गात जाता. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवताना वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण छायाचित्रे विकण्यासाठी काढत असाल, तर ही सवलत मिळत नाही. जागा हिरव्या क्षेत्रात, म्हणजे उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही अशा भागात, आहे का, हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर त्याच दिवशी पाहावे, आणि हिरव्या क्षेत्रातही १२० मीटरची, म्हणजे ४०० फुटांची मर्यादा आहे. संरक्षित स्मारके आणि अभयारण्ये यांसाठी संबंधित खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

कागदावरच्या परवानगीइतकेच गावाला सांगणे आवश्यक आहे. २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस पुणे ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री फिरणाऱ्या ड्रोनमुळे मोठी घबराट पसरली होती. चोर टेहळणी करतात या समजाने गावोगाव लोक रात्र-रात्र जागे होते. त्या भागात रात्री अचानक आकाशात प्रखर दिवा फिरू लागला, तर लोक काठ्या घेऊन येतील आणि त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येणार नाही. दोन दिवस आधी सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटावे, पोलीस ठाण्यात लेखी कळवावे, स्थानिक मनाई आदेश आहे का ते विचारावे, आणि निघोजच्या मळगंगा देवीच्या देवळाजवळ भाविक असतील तर काम पुढे ढकलावे. पात्रात उतरण्याआधी वरच्या धरणातून पाणी सोडलेले नाही याची खात्री करावी. हा ऊस आणि बिबट्यांचाही प्रदेश आहे, तेव्हा एकट्याने जाऊ नये.

प्राण्यांच्या बाबतीत मी कठोर आहे. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जून, पुरुषवाडी-भंडारदरा परिसरात असा दिवा नेऊ नये; काजव्यांचे मीलन त्यांच्या स्वतःच्या लुकलुकण्यावर चालते आणि आपला दिवा ते पुसून टाकतो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प हे भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे उद्यान, ठरले, म्हणून तेथे अशी छायाचित्रे काढावीत का, असे मला अनेकांनी विचारले. ज्या अंधारासाठी ते जपले आहे तोच आपण बिघडवू, शिवाय व्याघ्र प्रकल्पात परवानगीविना ड्रोन नेताच येत नाही. आणि कड्यांवर काम करताना आग्या मोहोळ दिवसा दुर्बिणीने शोधून ठेवावे. या माश्या चांदण्या रात्रीही उडतात आणि दिव्याकडे खेचल्या जातात. पोळ्याजवळ गुणगुणणारा, प्रखर दिवा लावलेला ड्रोन नेणे म्हणजे कड्याखाली मुक्कामाला असलेल्या सर्वांच्या जिवाशी खेळणे आहे. पोळे दिसले तर मी ती बाजूच सोडून देतो.

आपल्या पुढच्या फेरीसाठी मी असे सुचवेन. आहे तोच दिवा, नारिंगी पट्टी लावून, एक माणूस सोबत घेऊन जावे. तिन्हीसांजेच्या निळ्या उजेडात पायाभूत फ्रेम घ्यावी आणि फोकस पक्का करून तो हलू नये म्हणून भिंगाला चिकटपट्टी लावावी. मग ड्रोन उजव्या अंगाला सात मीटर उंचीवर, एकोणीस मीटर आडव्या अंतरावर स्थिर धरून आयएसओ २००, एफ ५.६, १५ सेकंदांची एक फ्रेम घ्यावी आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, पाहावा. नारिंगी पट्टीमुळे थोडी अंधारी वाटली तर शटर २० सेकंद करावे. त्याच जागेवरून पाच मीटर तिरका मार्ग घेत दुसरी घ्यावी. तिसरी ५६ मीटर आडव्या अंतरावरून आणि वीस मीटर उंचीवरून, आयएसओ ८०० आणि एफ ४ वर घ्यावी. ड्रोन उतरवून, चंद्र मावळल्यावर आकाशाची फ्रेम घ्यावी. या तीन फ्रेमा शेजारी-शेजारी ठेवून केवळ एकाच खळग्याची कड पाहावी, तिची सावली कोठे सुरू होते आणि कोठे विरते ते तपासावे, आणि त्यांपैकी कोणती आवडली ते मला कळवावे. पुढच्या मार्गाची आखणी आपण त्यावरून करू.